गावाची मागणी विधिमंडळापर्यंत कशी न्यायची? नव्या नगरसेवकांसाठी पायरी-पायरीने

नगरपरिषदेत निवडून आल्यावर थोड्याच दिवसांत कळतं, की लोक आपल्याकडे ज्या कामांसाठी येतात त्यातली बरीच आपल्या सभागृहात सुटत नाहीत. पाणीपुरवठ्याची वाढीव योजना, अग्निशमन विभागातली रिक्त पदं, घनकचऱ्यासाठी जागा, आरक्षणात अडकलेले भूखंड, हद्दवाढ, पगारालाही न पुरणारं सहायक अनुदान. ठराव आपण करतो, पण शेवटची सही जिल्हाधिकारी कार्यालयात, मंत्रालयात किंवा थेट विधिमंडळात होते.

१९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना राज्यघटनेत स्थान दिलं आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय लिहिले. मात्र त्यातला कोणता विषय, किती अधिकारांसह आणि किती पैशांसह आपल्याकडे द्यायचा, हे राज्याचं विधिमंडळ ठरवतं. आपल्यासाठी तो कायदा म्हणजे महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. तेव्हा राज्याकडे मागणी नेताना संकोच वाटायचं कारण नाही. हे आपलं कामच आहे.

डिसेंबर २०२५मध्ये २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्याआधी बहुतेक ठिकाणी कित्येक वर्षं प्रशासकाचा कारभार होता. त्यामुळे मुंबईला कागद कसा न्यायचा, हे शेजारच्या खुर्चीवर बसून सांगणारे जुने सदस्य आता अनेक सभागृहांत उरलेले नाहीत. मी एका क वर्ग नगरपरिषदेत नगरसेविका म्हणून ही वाट चालले आहे. जे तेव्हा कोणी एका जागी लिहून दिलं नव्हतं, ते इथे लिहिते.

## १. मागणी कोणाच्या सहीने सुटेल, ते आधी शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आमदारांना दिल्या जाणाऱ्या निवेदनांत पंधरा-वीस मागण्या एकाखाली एक असतात आणि त्यांचे मालक वेगवेगळे असतात. मग निवेदन "नगरविकास विभागाकडे" जातं, विभाग म्हणतो "हा विषय महसूल विभागाशी संबंधित", आणि कागद फिरत राहतो. म्हणून सुरुवातीलाच प्रत्येक मागणीपुढे लिहा: ही कोण मंजूर करू शकतं?

नगरपरिषद स्वतः. गटार, दिवाबत्ती, बाजारओट्यांचं भाडं, चतुर्वार्षिक कर आकारणीतल्या तक्रारी. हे आमदारांकडे नेऊच नका. नेलंत तर "तुमच्याच हातात आहे की" असं ऐकावं लागतं, आणि पुढच्या खऱ्या मागणीचं वजन कमी होतं.

जिल्हा. जिल्हास्तर नगरोत्थान, दलितेतर वस्ती सुधारणा, अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधार योजना यांचा निधी जिल्हा नियोजनातून येतो. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात आणि तिच्यावर नगरपालिकांच्या सदस्यांमधूनही प्रतिनिधी निवडले जातात. तुमच्या भागातून कोण गेलंय ते माहीत करून घ्या. छोट्या कामांसाठी आमदारांचा स्थानिक विकास निधीही आहे, वर्षाला ५ कोटी. पण तो अख्ख्या मतदारसंघाचा असतो आणि त्यावर गावोगावची सभामंडपं रांगेत उभी असतात.

मंत्रालय, शासन निर्णयाने. राज्यस्तर नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, मोठी पाणी योजना, कर्मचाऱ्यांचा आकृतिबंध (कोणती आणि किती पदं, याचा मंजूर तक्ता), विशेष अनुदान. इथे कायदा बदलायचा नसतो. एका प्रस्तावाला मंजुरी हवी असते. गावाच्या बहुतेक मोठ्या मागण्या ह्याच गटात पडतात.

अधिसूचना किंवा नियम. हद्दवाढ, नगरपंचायतीची नगरपरिषद होणं, विकास योजनेतला फेरबदल. ह्यात हरकती-सूचना मागवणं, सुनावणी घेणं हे टप्पे ठरलेले असतात आणि ते कोणाच्याही शब्दाने गाळता येत नाहीत.

कायद्यात दुरुस्ती. हा गट लहान आहे, पण खरं विधिमंडळाचं काम हेच. नगराध्यक्षाची निवड घ्या. २०१६मध्ये ती थेट जनतेतून झाली, २०२०मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, २०२२मध्ये परत थेट. तीनही वेळा गावांना विचारून फारसं काही झालं नाही. कारभाराचा सांगाडा मात्र दर वेळी बदलला.

कायद्याच्या गटातलं एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण ते जवळजवळ प्रत्येक गावात आहे. विकास योजनेत बाग, शाळा, भाजी मंडई अशी आरक्षणं असतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे योजना लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक नगरपरिषदेला खरेदी सूचना, म्हणजे जमीन घ्या अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. छोट्या नगरपरिषदेकडे भूसंपादनाचे पैसे नसतात, सूचना येते, मुदत सरते आणि बागेची जागा हातची जाते. यावर पहिली प्रतिक्रिया असते, "मुदत वाढवून द्या." माझं मत वेगळं आहे. मुदत आधीच वाढवून झाली आहे, आणि दहा वर्षं जमीन अडकून पडलेल्या मालकाचंही म्हणणं रास्त असतं. मागणी करायचीच तर छोट्या गावांसाठी भूसंपादनाच्या स्वतंत्र निधीची करा. जमिनीच्या बदल्यात मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क (दुसऱ्याला विकता येणारे जादा बांधकामाचे हक्क) देता येतात हे खरं, पण ज्या गावात चार मजल्यांची इमारत विरळा, तिथे ते विकत घेणार कोण? हा मुद्दा नेमकेपणाने मांडलात तर आमदारांना सभागृहात बोलायला काहीतरी ठोस मिळतं, आणि तो राज्यातल्या शेकडो गावांचा मुद्दा होतो.

## २. तीनच मागण्या निवडा

यादी लांब असली की वाचणारा स्वतःच त्यातली सोपी निवडतो, आणि ती बहुधा तुमच्या गरजेची नसते. तीन निवडा: एक ह्या आर्थिक वर्षात होऊ शकेल अशी, एक दोन-तीन वर्षं चालेल अशी, आणि एक धोरणाची, जी इतर गावांनाही लागू पडते.

धोरणाची मागणी कशी दिसते? यात्रेची आणि पर्यटनाची गावं पाहा. अनुदानाचं गणित लोकसंख्येवर चालतं, आणि हाताशी असलेली जनगणना अजून २०११चीच आहे. त्या जनगणनेत महाबळेश्वरची लोकसंख्या १५ हजारांच्या आत होती आणि माथेरानची ५ हजारांच्या आत. पण मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत तिथला कचरा कोण करतं, पाणी कोण वापरतं? पंढरपुरात चार वाऱ्यांना येणाऱ्या माणसांची सोय गावातल्या घरपट्टीवर कशी व्हावी? "आमच्या गावाला जास्त पैसे द्या" असं म्हणण्यापेक्षा "अनुदान ठरवताना बाहेरून येणारी लोकसंख्या धरा" असं म्हटलंत, तर तुमच्यामागे तुळजापूर, शेगाव, आळंदी, पाचगणी अशी बरीच गावं उभी राहू शकतात. त्यांच्या नगराध्यक्षांना फोन करा. पाच गावांचे एकाच मजकुराचे ठराव गेले की विभागाला त्यावर धोरणात्मक टिपणी लिहावी लागते.

सहायक अनुदानाचंही तसंच. नगरपालिकांची जकात १९९९मध्ये बंद झाली आणि तिच्या बदल्यात राज्याकडून अनुदान सुरू झालं. आज बहुतेक छोट्या नगरपरिषदांचे पगार त्यावर चालतात. ही मागणी एकट्या गावाने करण्यासारखी नाही.

## ३. सर्वसाधारण सभेत ठराव करा आणि तो नीट लिहा

निवेदनावर चाळीस सह्या असल्या तरी सरकारी लेखी ती एक तक्रार असते. ठराव हा नगरपरिषदेचा आवाज आहे. विषयपत्रिकेवर विषय रीतसर घ्या. "आयत्या वेळचे विषय" म्हणून घुसवू नका, पुढे कोणीतरी त्याच्यावरच हरकत घेतं.

ठरावात इतकं असावं: विषय क्रमांक, सूचक, अनुमोदक, मागणी कोणाकडे, कोणत्या कायद्याच्या किंवा योजनेच्या आधारे, अंदाजे खर्च किती, नगरपरिषद स्वतःचा हिस्सा कुठून भरणार, आणि पुढची कार्यवाही करण्याचा अधिकार कोणाला. "शासनाने योग्य ती कार्यवाही करावी" हे वाक्य टाळा. काय करावं तेच लिहा.

ठराव एकमताने व्हावा यासाठी सभेच्या आधी विरोधी बाकांवरच्या सदस्यांना भेटा. मजकूर दाखवा, त्यांची एखादी दुरुस्ती घ्या, अनुमोदक त्यांच्यातला करा. गावात कितीही भांडणं असोत, मुंबईत "एकमताने मंजूर" हे दोन शब्द फार पुढे नेतात. बहुमताने झालेल्या ठरावाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो, आणि १९६५च्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती मिळाली की महिने जातात.

सभा संपल्यावर इतिवृत्त कायम होऊन ठरावाची प्रमाणित प्रत हातात येईपर्यंत काम संपलं असं समजू नका.

## ४. फाईल पूर्ण करा

मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, "प्रस्ताव कुठे आहे?" निवेदन म्हणजे प्रस्ताव नव्हे. तो मुख्याधिकाऱ्यांकडून जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका प्रशासन शाखेमार्फत जावा लागतो, आणि विषयाप्रमाणे नगरपरिषद प्रशासन संचालनालयाकडून किंवा विभागीय आयुक्तांकडून पुढे सरकतो. सोबत हे लागतं:

- ठरावाची प्रमाणित प्रत
- मुख्याधिकाऱ्यांचा स्वयंस्पष्ट अहवाल
- सविस्तर अंदाजपत्रक किंवा प्रकल्प अहवाल, आणि सक्षम अधिकाऱ्याची तांत्रिक मान्यता (पाणी योजना असेल तर महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचा विषय)
- जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आणि विकास योजनेचा भाग नकाशा
- मागच्या तीन वर्षांचं जमाखर्चाचं विवरण आणि कर वसुलीची टक्केवारी
- आधी मिळालेल्या निधीची उपयोगिता प्रमाणपत्रं (निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचे दाखले)
- ज्या शासन निर्णयावर मागणी आधारलेली आहे त्याची प्रत
- आधीचा पत्रव्यवहार, तारखांच्या क्रमाने

यातली दोन कागदं सर्वांत जास्त अडवतात. पहिलं उपयोगिता प्रमाणपत्र. जुना निधी खर्च झालाय पण प्रमाणपत्र गेलं नाही, तर नवी मागणी पहिल्याच टेबलावर थांबते. दुसरी कर वसुली. "स्वतःची घरपट्टी वसूल होत नाही आणि राज्याकडे मागता?" असं कोणी ना कोणी विचारतंच. वसुली कमी असेल तर ती का कमी आहे आणि काय करताय, हे अहवालात आधीच लिहा.

मुख्याधिकारी राज्याच्या सेवेतले अधिकारी असतात, त्यांची बदली होते. साहेब किंवा मॅडम बदलल्या की नव्या अधिकाऱ्यांना विषय पहिल्यापासून समजावावा लागतो. म्हणून फाईलची एक संपूर्ण छायाप्रत आणि एक स्कॅन केलेली प्रत स्वतःकडे ठेवा. आवक-जावक क्रमांकांची वेगळी वही करा.

## ५. एका पानाची टिपणी

आमदारांना फाईल देऊ नका, टिपणी द्या. एक पान, मोठ्या अक्षरात: मागणी एका वाक्यात, ती का, दोन-तीन आकड्यांसह, प्रस्ताव सध्या कुठे आहे (कार्यालय, क्रमांक, तारीख), आणि आमदारांनी नेमकं काय करावं. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. "लक्ष घालावं" असं लिहू नका. "नगरविकास मंत्र्यांना सोबतचं पत्र द्यावं", "येत्या अधिवेशनात सोबतचा तारांकित प्रश्न द्यावा", "विभागाच्या सचिवांकडे बैठक लावावी" असं लिहा आणि त्या पत्राचा किंवा प्रश्नाचा मसुदा जोडा. आमदारांच्या स्वीय सहायकाचं काम हलकं झालं की तुमचा कागद वर येतो.

## ६. कोणाकडे जायचं

पहिला मान तुमच्या मतदारसंघाच्या विधानसभा सदस्यांचा. ते दुसऱ्या पक्षाचे असले तरी आधी त्यांच्याकडेच जा. त्यांना वगळून गेलात आणि विषय सभागृहात आला, तर ते विरोधात उभे राहत नाहीत पण पाठीशीही राहत नाहीत.

नव्या नगरसेवकांना सहसा माहीत नसलेली एक ताकद तुमच्याकडे आहे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघातून निवडल्या जातात, आणि त्या मतदारसंघाच्या मतदारांत नगरसेवकही असतात. म्हणजे तुम्ही त्या सदस्यांचे थेट मतदार आहात. त्यांनी नगरपालिकांचे प्रश्न मांडावेत हीच त्या जागेमागची कल्पना. निवडणुकीच्या वेळी ते तुमच्या गावात येतातच. त्या वेळी फोटो काढून थांबू नका, तीन मागण्यांची टिपणी हातात द्या आणि पुढच्या अधिवेशनात कोणता प्रश्न लावणार ते विचारून घ्या.

पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे सदस्यही शहरी विषयांवर बोलतात. पालकमंत्री महत्त्वाचे, कारण जिल्ह्याचा निधी त्यांच्या हातून जातो. आणि विरोधी पक्षातला अभ्यासू आमदार धोरणाच्या मागणीला उपयोगी पडतो. सत्ताधारी सदस्याला मंत्र्याला अडचणीत आणणारा प्रश्न विचारणं जड जातं.

इथली मोठी फसगत श्रेयाची आहे. मंजुरीच्या आधीच चौकात फलक लागले, की दुसरी बाजू तो कागद अडवायला मोकळी होते. शासन निर्णय संकेतस्थळावर दिसेपर्यंत फलक नको, असं आपापसांत ठरवून टाका.

## ७. अधिवेशन आणि संसदीय आयुधं

वर्षाला तीन अधिवेशनं असतात: फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मुंबईत अर्थसंकल्पी, जून-जुलैच्या सुमारास मुंबईतच पावसाळी, आणि डिसेंबरात नागपूरला हिवाळी. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन धावणारे फार असतात. प्रश्नांच्या सूचना मात्र अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. म्हणून तारखा जाहीर होण्याची वाट न पाहता मसुदे तयार ठेवा.

कोणतं आयुध कशासाठी, ते असं:

तारांकित प्रश्न. मंत्री सभागृहात उत्तर देतात आणि उपप्रश्न विचारता येतात. प्रश्न खूप येतात, तोंडी उत्तरापर्यंत थोडेच पोहोचतात. पण लेखी उत्तर छापलं जातं, आणि ते पुढे कायम कामाला येतं. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर.

प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. मसुदा असा करा:

"(१) अमुक नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागातील मंजूर पदांपैकी बहुतांश पदे रिक्त असल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, सदर पदे भरण्याबाबतचा प्रस्ताव शासनास केव्हा प्राप्त झाला, (३) असल्यास, त्यानुषंगाने शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

उत्तर वाचायलाही शिका. "हे खरे आहे" म्हणजे राज्याने लेखी कबुली दिली. "अंशतः खरे आहे" असेल तर पुढची ओळ बारकाईने वाचा, नाकारलेला भाग तिथे असतो. "प्रश्न उद्भवत नाही" आलं तर बहुतेक वेळा आधीचं कलम चुकीचं लिहिलेलं असतं. आणि सगळ्यात वाईट उत्तर: "असा प्रस्ताव शासनास प्राप्त झालेला नाही." म्हणूनच चौथी पायरी पूर्ण झाल्याशिवाय प्रश्न लावू नका.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरून दिसत नाही. प्रश्नाचं उत्तर लिहायची माहिती शेवटी तुमच्याच नगरपरिषदेकडून मागवली जाते. विभाग जिल्हाधिकाऱ्यांना विचारतो, जिल्हाधिकारी मुख्याधिकाऱ्यांना, आणि अधिवेशनाच्या गडबडीत हे काही तासांत हवं असतं. त्या वेळी लिपिकाने घाईत "पदे पुरेशी आहेत" असं कळवलं तर तुमचा प्रश्न तिथेच मेला. अधिवेशनाआधी मुख्याधिकाऱ्यांसोबत बसा, आकडे जुळवा आणि तेच आकडे कार्यालयात लिहून ठेवा.

लक्षवेधी सूचना. विधानसभेत नियम १०५, परिषदेत नियम १०१. तातडीच्या, सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीसाठी. मंत्री निवेदन करतात आणि सभागृहात चर्चा होते. दूषित पाण्याने साथ पसरली, कचरा डेपोला आग लागली, असे विषय इथे चालतात. वर्षानुवर्षं पडून असलेल्या अनुदानाला लक्षवेधी लागणं कठीण.

औचित्याचा मुद्दा. एका मिनिटात विषय नोंदवायला बरा. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

अर्धा तास चर्चा. प्रश्नाचं उत्तर समाधानकारक नसेल तर त्यावरून मागता येते. लोक हे विसरतात, पण धोरणाच्या मागणीसाठी मला ही सर्वांत उपयोगी वाटते, कारण इथे विषय उलगडून सांगायला वेळ मिळतो.

नियम २९३ची चर्चा विधानसभेत आणि नियम २६०ची परिषदेत. ही एखाद्या सार्वजनिक विषयावरची सविस्तर चर्चा. शहरांच्या प्रश्नांवर अशी चर्चा लागली तर बोलणाऱ्या सदस्यांच्या हातात आदल्या संध्याकाळी तुमची टिपणी पडू द्या.

पुरवणी मागण्या आणि कपात सूचना. वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा निधी म्हणजे पुरवणी मागणी. एखाद्या मागणीत कपात सुचवून त्या निमित्ताने विषय मांडणं म्हणजे कपात सूचना. पैशांची मागणी असेल तर अर्थसंकल्पाबरोबर पुरवणी मागण्यांवरही लक्ष ठेवा. विभागाने तुमचं काम त्यात घेतलं आहे का, हे अधिवेशनाच्या आधीच विभागात विचारायचं असतं. मागण्या सभागृहात मांडल्या गेल्यावर त्यात नवं काम घालता येत नाही.

अशासकीय विधेयक. कायदादुरुस्तीची मागणी असेल तर सदस्य स्वतः विधेयक मांडू शकतात. ते मंजूर होणं दुर्मीळ. तरी मांडलं गेलं की दुरुस्तीचा नेमका मसुदा कागदावर येतो, आणि बऱ्याचदा मंत्री "शासन स्वतः विचार करेल" असं सांगून ते मागे घ्यायला लावतात. ते शब्द कार्यवृत्तात आलेत ना, ते पाहा.

## ८. मंत्रालयात

प्रवेशासाठी डिजीप्रवेश अॅपवर नोंदणी करून जा, ओळखपत्र सोबत ठेवा. नगरविकास विभागाचे दोन भाग आहेत. विकास योजना, आरक्षणं, नगररचना हे नवि-१ कडे आणि नगरपालिकांचा कारभार, अनुदानं, आस्थापना हे नवि-२ कडे. तुमचा विषय कोणत्या कार्यासनाकडे (विभागातल्या टेबलाकडे) आहे, हे आधी फोनवर विचारा. संबंधित शासन निर्णयाच्या शेवटी सही कोणत्या अधिकाऱ्याची आहे ते पाहिलंत तरी अंदाज येतो. कचऱ्याच्या जागेसाठी सरकारी जमीन हवी असेल तर दार महसूल विभागाचं, पाण्यासाठी बहुधा पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाचंही.

मंत्र्यांनी पत्रावर शेरा मारला की लोक आनंदाने परततात. शेरा वाचून परता. "नियमानुसार कार्यवाही करावी" म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही. "तपासून सादर करावे" म्हणजे विभागाने टिपणी लिहून फाईल मंत्र्यांकडे परत आणायची आहे, हे बरं. "बैठक आयोजित करावी" हे त्याहून बरं, कारण बैठकीचं इतिवृत्त निघतं आणि त्यात कोणी काय करायचं ते लिहिलेलं असतं. शेरा कोणताही असो, पत्राची नोंद होऊन ई-ऑफिसमधला फाईल क्रमांक मिळाल्याशिवाय इमारतीबाहेर पडू नका.

अधिकाऱ्यांशी बोलताना आवाज चढवू नका आणि आमदारांचं नाव धाक म्हणून वापरू नका. कक्ष अधिकारी तुमच्या फाईलवरची पहिली टिपणी लिहितात, वरचे बहुतेक सगळे तीच वाचून सही करतात. त्यांना कोणता कागद कमी पडतोय ते विचारा आणि तोच घेऊन पुन्हा या.

नागपूर अधिवेशनात हेच सगळं वेगळ्या पत्त्यावर घडतं: मंत्री रविभवनात, आमदार आमदार निवासात, मुख्यमंत्र्यांचं सचिवालय हैदराबाद हाऊसला. विदर्भातल्या गावांना ती सोय आहे. बाकीच्यांनी गर्दी पाहून ठरवावं. मला स्वतःला अधिवेशन नसतानाचं मंत्रालय जास्त उपयोगी वाटलं.

## ९. पाठपुरावा

- ठरावीक अंतराने स्मरणपत्र द्या, दर वेळी फाईल क्रमांक टाकून. नवं निवेदन देऊ नका, नवी फाईल उघडली जाते आणि जुनी मागे पडते.
- फाईल कोणत्या टेबलावर आहे ते फोनवर कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. टिपणी भागाची प्रत मागा, अडचण नेमकी कुठे आहे ते तिथे दिसतं.
- मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिलं असेल तर त्या दिवसाच्या कार्यवृत्ताची प्रत मिळवा. विधिमंडळाची आश्वासन समिती अशा आश्वासनांचा मागोवा घेते. तिच्या सदस्यांपैकी कोणी तुमच्या विभागातलं असेल तर त्यांना कळवा.
- आचारसंहितेचं भान ठेवा. कोणती ना कोणती निवडणूक येतच असते आणि त्या काळात नव्या मंजुऱ्या थांबतात.
- केंद्राच्या १५व्या वित्त आयोगाची मुदत मार्च २०२६ला संपली. जुन्या बंधित (ठरावीक कामांपुरत्या) आणि अबंधित (तशी अट नसलेल्या) निधीवर बेतलेली कामं पुन्हा तपासा, आणि त्यातलं काही आता राज्याकडे मागावं लागेल का ते ठरवा.

मंजुरीचा शासन निर्णय निघाला की त्यातल्या अटी त्याच दिवशी वाचा. नगरपरिषदेने किती स्वहिस्सा भरायचा, निविदा किती दिवसांत काढायची, कार्यादेश कधीपर्यंत द्यायचा, निधी किती हप्त्यांत येणार आणि दुसऱ्या हप्त्यासाठी किती खर्च दाखवावा लागेल. स्वहिस्सा अंदाजपत्रकात धरलेला नसेल तर पुढच्याच सभेत पुनर्विनियोजनाचा, म्हणजे दुसऱ्या शीर्षातली रक्कम इकडे वळवण्याचा, विषय घ्या. मार्च जवळ आला असेल तर विशेष सभा बोलवा, कारण अखर्चित निधी ३१ मार्चनंतर परत मिळवणं हा पुन्हा वेगळा प्रस्ताव असतो.